वाचकांचे प्रश्न : स्लोपस्टाइलच्या हौशी स्पर्धेत उतरताना

स्लोपस्टाइल म्हणजे स्नोबोर्डवरून बर्फाच्या एकाच उतारावर आधी रेल (धातूचा दांडा) आणि बॉक्स (रुंद पेटी) यांवरून घसरणे, मग एकामागून एक जंप, आणि वरपासून खालपर्यंतच्या अख्ख्या फेरीला मिळून गुण. या खेपेला हौशी गटात पहिल्यांदा उतरणाऱ्यांची आणि एकदा उतरून हिरमुसलेल्यांची पत्रे निवडली आहेत. एकाच विषयावरची पत्रे जिथे होती तिथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी स्नो पार्कमधल्या मध्यम जंपवर ३६०, म्हणजे हवेत एक पूर्ण फेरा, उतरवतो, बॉक्सवर बोर्डस्लाइड, म्हणजे बोर्ड आडवा ठेवून घसरणे, जमते. स्पर्धेत नाव द्यायला एवढे पुरे आहे का?

उत्तर : ट्रिकांच्या बाबतीत पुरे आहे. प्रश्न आहे तो हे सगळे एका दमात जमते का, हा. पार्कमध्ये आपण एक जंप मारतो, बाजूला थांबतो, श्वास घेतो, पुढच्या जंपसाठी हवा तेवढा वेग घेऊन निघतो. स्पर्धेत मधे थांबायला जागा नसते. पहिल्या रेलवरून उतरताना झालेली चूक दुसऱ्या जंपपर्यंत तुमच्यासोबत येते.

म्हणून नाव देण्याआधी ही परीक्षा घ्या. ज्या मापाच्या जंपवर स्पर्धा आहे त्याच मापाच्या ओळीवर वरून निघा, रेलवर साधी ५०-५०, म्हणजे बोर्ड रेलच्या रेषेत सरळ ठेवून घसरणे, आणि जंपवर सरळ उड्या एवढेच करा, कुठेही न थांबता खाली या. अशा सलग पाच फेऱ्या न पडता झाल्या तर नाव द्या. दोनच झाल्या तर आणखी काही आठवडे फक्त हेच करा. ३६० आणखी पक्की करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

स्पर्धेचे स्वरूप साधे असते. वयोगट ठरलेले असतात, सकाळी सरावाची वेळ मिळते, मग बहुतेक हौशी स्पर्धांत प्रत्येकाला दोन फेऱ्या मिळतात आणि त्यातली चांगली धरली जाते. बेरीज किंवा सरासरी काढत नाहीत. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, खाली तिचा पुन्हा पुन्हा उपयोग आहे.

प्रश्न : माझी ५४० उतरली, फक्त एक हात बर्फाला टेकला. माझ्याच गटातल्या एकाने १८० आणि ३६० च्या जोरावर माझ्या वरचा क्रमांक मिळवला. ५४० ची किंमत ३६० पेक्षा कमी कशी?

उत्तर : परीक्षकांकडे ट्रिकांचे दरपत्रक नसते. ते १०० पैकी गुण देतात आणि पाहतात ती पूर्ण फेरी : ट्रिक किती कठीण होत्या, किती सफाईने झाल्या, जंपवर उंची आणि अंतर किती मिळाले, ट्रिकांत विविधता किती होती, आणि खेळाला पुढे नेणारे काही त्यात होते का. हौशी गटात शेवटच्या मुद्द्याचे वजन थोडे, सफाईचे फार.

हात टेकणे ही छोटी चूक दिसते, पण ती परीक्षकाला सांगते की तुम्ही ट्रिकच्या ताब्यात होता, ट्रिक तुमच्या ताब्यात नव्हती. हात जेमतेम लागला तर कपात थोडी असते. हाताने तोल सावरला, बूड टेकले किंवा उतरल्यावर बोर्ड फिरून उलट झाला तर कपात वाढत जाते. संपूर्ण पडलात तर त्या ट्रिकचे श्रेय जवळजवळ जातेच, शिवाय वेग जातो आणि पुढचेही बिघडते.

दुसरे, ग्रॅब. बोर्डला नुसता हात लागणे आणि बोर्ड धरणे यांत फरक आहे. हवेत सर्वोच्च बिंदूच्या आधी हात बोर्डवर पोचला, तिथे राहिला आणि उतरण्याची तयारी सुरू होताना सुटला, तर तो ग्रॅब. बोटे बोर्डला शिवून परत आली तर अनेक परीक्षक त्याला काहीच देत नाहीत. नीट धरलेल्या इंडी ग्रॅबसह केलेली ३६० ही हात हवेत फिरवत केलेल्या ५४० पेक्षा वर जाते, आणि ते योग्यच आहे असे आमचे मत आहे. ग्रॅबमुळे शरीर आटोपशीर राहते, फिरणे एका लयीत होते. दिसायला चांगले आणि करायला सुरक्षित असे या खेळात फार वेळा जुळून येत नाही, इथे जुळते.

अगदी वरच्या पातळीवरही हेच घडले आहे. २०१४ मध्ये सोची इथे स्लोपस्टाइल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. तेव्हा काही स्पर्धक तीनदा उलटे फिरण्याच्या ट्रिका करत होते. सुवर्ण मिळाले सेज कॉट्सनबर्गला, ज्याच्या फेरीत तशी एकही ट्रिक नव्हती. वेगळे, अवघड ग्रॅब आणि सफाई यांवर त्याने ९३.५० गुण मिळवले.

आणखी एक. गुण म्हणजे क्रम लावण्याची सोय आहे. सुरुवातीला येणाऱ्या स्पर्धकाला परीक्षक हात राखून गुण देतात, कारण पुढे कोणी अधिक चांगले करील तर वर जागा हवी. म्हणून मागच्या स्पर्धेतले ७२ आणि या स्पर्धेतले ५८ यांची तुलना करू नका. क्रमांक पाहा.

प्रश्न : परीक्षकांची चूक झाली असे वाटले तर तक्रार करता येते का?

उत्तर : गुण किती दिले यावर सहसा नाही. चुकीच्या बिब (अंगावर घालायची क्रमांकाची पट्टी) क्रमांकावर गुण लागले, तुमची फेरी नोंदलीच गेली नाही, गट चुकला, अशा गोष्टी मात्र लगेच, निकाल जाहीर झाल्यावर ठरलेल्या मुदतीतच सांगायच्या असतात. मुदत नियमपत्रकात असते, आधी वाचून ठेवा. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळालेल्या मॅक्स पॅरोच्या फेरीत एका ट्रिकला त्याचा हात बोर्डवर नसून गुडघ्यावर होता, हे नंतरच्या चित्रणात दिसले. परीक्षकांच्या ते नजरेतून सुटले होते. निकाल तसाच राहिला. तुमचा ग्रॅब परीक्षकांच्या बाजूने दिसेल असा करणे एवढे तुमच्या हातात आहे. सरावाच्या वेळी परीक्षकांचे व्यासपीठ कुठे आहे ते पाहून ठेवा.

प्रश्न : तीन रेल आणि तीन जंपची ओळ आहे. फेरी कशी बांधावी? सगळ्यात चांगली ट्रिक आधी की शेवटी?

उत्तर : आधी थोडे गणित करू. समजा तुमची प्रत्येक ट्रिक दहापैकी नऊ वेळा उतरते. ऐकायला उत्तम. पण सहा ट्रिका सलग उतरण्याची शक्यता ०.९ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ५३ टक्के. दोन फेऱ्यांपैकी निदान एक तरी स्वच्छ होण्याची शक्यता ७८ टक्के. आता प्रत्येक ट्रिक दहापैकी आठ वेळाच उतरत असेल तर एका फेरीची शक्यता २६ टक्क्यांवर येते आणि दोन फेऱ्या धरूनही ४६ टक्के. दहातले नऊ आणि दहातले आठ, दिसायला एकाचाच फरक. निकालात तो एवढा मोठा होतो.

तेव्हा फेरीत घ्यायची प्रत्येक ट्रिक त्याच मापाच्या जंपवर दहापैकी नऊ वेळा उतरणारी हवी. एखादी सातवर असेल तर तिला एकटीला घ्या आणि शेवटी ठेवा. कारण उघड आहे : शेवटच्या जंपनंतर बिघडायला काही उरत नाही.

आता विविधता. फिरण्याच्या चार दिशा आहेत : आपल्या नेहमीच्या पायावर फ्रंटसाइड (आधी छाती उताराकडे वळते) आणि बॅकसाइड (आधी पाठ वळते), आणि उलट पायावर, म्हणजे स्विच, त्याच दोन. स्विच निघून फ्रंटसाइड फिरण्याला कॅब म्हणतात. चारही दिशांची हौशी गटात अपेक्षा नसते, पण सगळ्या जंपवर एकाच दिशेने फिरलात तर परीक्षकाला ते लगेच दिसते. दोन दिशा आणि एखादी स्विच ट्रिक, एवढ्यात फेरी भरलेली वाटते. ग्रॅबही बदलते ठेवा.

एक नमुना देतो. पहिल्या बॉक्सवर बोर्डस्लाइड, उतरताना सरळ. दुसऱ्यावर ५०-५० आणि शेवटी फ्रंटसाइड १८०, म्हणजे तुम्ही स्विच उतरलात. तिसऱ्याकडे स्विचच जायचे आणि अर्धे फिरून ५०-५० वर चढायचे, की पुन्हा नेहमीच्या पायावर. पहिली जंप बॅकसाइड १८०, पुढच्या हाताने टाचेच्या बाजूची कड धरून, म्हणजे मेलन. उतरलात स्विच. दुसरी जंप कॅब १८०, परत सरळ. तिसरी जंप फ्रंटसाइड ३६०, मागच्या हाताने दोन्ही पायांच्या मधे चवड्याची कड धरून, म्हणजे इंडी.

यात एकही ट्रिक डोळे दिपवणारी नाही. पण प्रत्येक ट्रिक पुढच्या ट्रिकला जिथे हवे तिथे आणून सोडते, मधे बोर्ड फिरवून पाय बदलावा लागत नाही. फेरी बांधण्यातली खरी कसोटी हीच आहे. पुष्कळ जण ट्रिकांची यादी करतात आणि सांधे विसरतात, मग दोन जंपच्या मधल्या पंधरा-वीस मीटरांत घाईने बोर्ड फिरवायला जाऊन वेग आणि तोल दोन्ही घालवतात.

पहिली फेरी अशी स्वच्छ झाली तर दुसऱ्या फेरीत शेवटची ३६० काढून ५४० घाला. ५४० ने तुम्ही स्विच उतराल, पण पुढे जंपच नाही, त्यामुळे त्याने काही अडत नाही. पहिल्या फेरीत पडलात तर दुसऱ्यात काहीही वाढवू नका, तीच फेरी पूर्ण करा. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये रेड जेरार्ड पहिल्या दोन फेऱ्यांत पडला होता, तिसरी पूर्ण केली आणि ८७.१६ गुणांवर सुवर्ण घेऊन गेला. चांगली तेवढीच धरतात, हा नियम असा कामी येतो.

प्रश्न : सरावात पहिली जंप दहा वेळा नीट झाली. स्पर्धेत मात्र दोन्ही फेऱ्यांत आखूड पडलो आणि नकलवर आदळलो. जंप तीच, बोर्ड तोच. कारण काय?

उत्तर : या प्रकारची पत्रे सगळ्यात जास्त आली. दुखापतीही इथेच सगळ्यात जास्त होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जंपचे चार भाग. चढण आणि तिची वरची धार, म्हणजे लिप. मग सपाट टेबल. मग नकल, जिथे सपाट भाग संपून उतार सुरू होतो तो उंचवटा. आणि मग लँडिंगचा उतार. उतरायची जागा नकलच्या थोडे पुढे, उताराच्या वरच्या एक-तृतीयांश भागात. तिथे शरीराच्या पडण्याची दिशा आणि बर्फाचा उतार जवळजवळ जुळतात, म्हणून धक्का कमी. आखूड पडलात तर टेबलच्या सपाटीवर किंवा नकलवर आदळता. लांब गेलात तर उतार संपून सपाट जमिनीवर. दोन्हीकडे उंची तीच, पण सगळा जोर गुडघे, घोटे आणि पाठ यांच्यावर येतो.

तुमच्या पत्रावरून तीन कारणे दिसतात.

पहिले, सरावात तुम्ही जंपच्या वर बाजूला थांबून निघत होता. स्पर्धेत तिथे रेलवरून येता. रेलवरून लवकर घसरलात, तोल सावरायला बोर्ड आडवा केलात, की जंपपर्यंतचा वेग गेला. सरावातली निदान अर्धी वेळ वरच्या, सुरुवातीच्या फाटकापासून पूर्ण ओळ करण्यात घालवा.

दुसरे, वळण. सरळ उडीसाठी तुम्ही नाकासमोर जाता. फिरण्यासाठी चढणीआधी हलके वळण घेता : फ्रंटसाइडला चवड्याच्या कडेवरून येऊन टाचेच्या कडेवर सुटायचे, बॅकसाइडला टाचेवरून येऊन चवड्यावर. हे वळण वेग खाते. सरळ उडीने मोजलेला वेग फिरण्याला अपुरा पडतो तो यामुळे. म्हणून सराव संपण्याआधी एक उडी अशी मारा की वळण पूर्ण घ्यायचे, पण फिरायचे नाही किंवा नुसते १८० करायचे. खरा वेग तेव्हा कळतो.

तिसरे, बर्फ. सकाळी गोठलेला बर्फ वेगवान असतो, ऊन चढले की ओला होऊन बोर्ड धरतो. नवा भुरभुरीत बर्फ पडला की तोही संथ. सकाळी नऊचा वेग दुपारी एकला लागू नाही. तुमच्या आधीच्या दोन-तीन स्पर्धकांकडे पाहा, विशेषतः तुमच्याएवढ्या वजनाच्या. ते कुठे उतरतात, आखूड पडतात का, वरून निघताना बोर्ड सरळ सोडतात का. वजनदार माणसाचा वेग हलक्या मुलाला लागू पडेलच असे नाही.

अनोळखी जंपवर पहिल्यांदा जाताना अनुभवी खेळाडूला विचारून त्याच्या मागोमाग, सुरक्षित अंतर राखून जा. हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे आणि विचारल्यावर नाही म्हणणारे क्वचितच भेटतात.

वेग चुकल्याचे वाटेत कळले तर? शंका चढणीच्या आधी आली तर बाजूला निघा, हात वर करा. चढणीवर आल्यावर बाजूला जायचे नाही, तिथे बोर्ड आडवा झाला की हवेत वाकडे सुटता. आखूड पडणार हे कळले तर फिरणे सोडून द्या, लिपवर जोराने उसळा, गुडघे वर घ्या आणि दोन्ही पायांवर सारखे उतरून धक्का गुडघ्यांत जिरवा. वेग जास्त असेल तर उसळू नका, लिप गुडघ्यांत गिळून टाका आणि अंग आटोपशीर ठेवा. वेग कमी करण्यासाठी बोर्ड आडवा घासायचा तो जंपकडे येणाऱ्या धावणीच्या वरच्या भागात. शेवटच्या काही मीटरांत घासलात तर लिपवर कडेच्या चुकीच्या बाजूला तोल घेऊन पोचाल.

वाऱ्याबद्दलही लिहायला हवे. समोरून वारा असला की आखूड पडता, मागून असला की लांब जाता, आणि बाजूचा झोत बोर्डचा तळ पकडून तुम्हाला हवेतच कलंडवतो. प्याँगचांगला २०१८ मध्ये वाऱ्यामुळे महिलांची पात्रता फेरी रद्द झाली आणि अंतिम फेरीतही वारा एवढा होता की जगातल्या उत्तम खेळाडू एकामागून एक पडल्या. जेमी अँडरसनने पहिल्या फेरीत ८३.०० गुण मिळवले आणि तेवढ्यावर सुवर्ण टिकले. फाटकाजवळ लावलेली फीत किंवा झेंडा पाहा. झोत येत-जात असेल तर निघण्याआधी थोडा वेळ मागा, बहुतेक वेळा मिळतो. मिळाला नाही तर फिरणे कमी करा.

प्रश्न : रेलवर आडवा झालो की बोर्ड पुढे निसटतो आणि मी पाठीवर पडतो. कड बोथट केली तरी फरक नाही.

उत्तर : कडेचा दोष नाही, तुम्ही मागे झुकता. रेल बहुधा खाली उतरती असते. भीतीने आपण अंग डोंगराकडे, सरळ उभे ठेवायला जातो. पण धातूवर घर्षण जवळजवळ नाही, त्यामुळे तोल रेलला काटकोनात राहायला हवा, जमिनीला नव्हे. म्हणजे वाटते त्यापेक्षा पुढे, उताराकडे. आधी रुंद, सपाट बॉक्सवर सवय करा, मग उतरत्या रेलवर जा.

बोर्डचा तळ पूर्ण सपाट, गुडघे वाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखे. कमरेखालचा भाग वळवा आणि खांदे जरा उलट दिशेला राहू द्या, तोच पीळ शेवटी उलगडून बोर्ड सरळ करतो. नजर रेलच्या शेवटच्या टोकावर. पायांकडे पाहिलेत की खांदे खाली येतात, बोर्ड कडेवर जातो. आणि फार हळू जाऊ नका. सावकाश जाणे सुरक्षित वाटते, पण रेलवर वेगच तोल देतो.

गुणांच्या दृष्टीने रेल पूर्ण लांबीने करणे फार महत्त्वाचे. अर्ध्यावरून उतरलेली अवघड ट्रिक शेवटपर्यंत गेलेल्या साध्या ट्रिकपुढे फिकी पडते.

प्रश्न : स्पर्धेआधी बोर्डची तयारी कशी करावी? कड किती बोथट करावी, वॅक्स कोणते?

उत्तर : बोर्ड दोन्ही टोकांना सारखा, म्हणजे ट्विन, आणि मध्यम लवचिक असावा. स्विच ट्रिका करायच्या तर बाइंडिंगही, म्हणजे बूट बोर्डला बांधणारी पकड, मध्यापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर आणि दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळलेले, उदाहरणार्थ पुढचा अधिक १५ अंश, मागचा उणे १५ किंवा १२. स्पर्धेच्या आठवड्यात मात्र यात काही बदलू नका. तीन अंशांचा फरकही लिपवर जाणवतो.

कडेबाबत मधला मार्ग घ्या. टोकापासून बोर्ड बर्फाला जिथे प्रथम टेकतो तिथपर्यंत, आणि त्याच्या आत तीन-चार सेंटिमीटर, रबरी दगडाने कड गोल करा, नाक आणि शेपूट दोन्हीकडे. पायांच्या मधल्या भागात रेलसाठी फक्त तळाकडचा कोपरा हलका मोडा. सगळी कड पार बोथट केली की रेल सोपी होते, पण गोठलेल्या सकाळी लिपवर टाचेची कड सुटते आणि ३६० सुरू होण्याआधीच संपते. रेलवर आपटून कडेला आलेले बारीक काटे मात्र प्रत्येक वेळी हिऱ्याच्या दगडाने काढलेच पाहिजेत. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. धागे अडकले तिथे काटा आहे.

वॅक्स आदल्या दिवशी. बोर्ड खोलीत आणून कोमट होऊ द्या. बाइंडिंग काढा, निदान स्क्रू सैल करा, नाहीतर इस्त्रीच्या उष्णतेने स्क्रूंच्या जागी तळाला खळगे पडतात. तळ पुसून घ्या, वॅक्स थेंबथेंब टाका, इस्त्री सतत सरकती ठेवून पसरवा. धूर निघाला तर इस्त्री फार तापली आहे. वरच्या बाजूने बोर्ड कोमट लागला की थांबा. निदान अर्धा तास थंड होऊ द्या, मग प्लास्टिकच्या पट्टीने नाकाकडून शेपटीकडे खरवडा आणि ब्रश फिरवा. वॅक्स राहिले तर वेग वाढत नाही, उलट कमी होतो. बर्फाच्या तापमानाला जुळणारे वॅक्स घ्या. थंड बर्फाचे स्फटिक टोकदार असतात, मऊ वॅक्समध्ये ते रुततात आणि बोर्ड ओढल्यासारखा चालतो. फ्लोरिनयुक्त वॅक्सवर आंतरराष्ट्रीय स्की-स्नोबोर्ड महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून बंदी घातली आहे, ते घेऊच नका.

स्क्रू पुन्हा आवळताना योग्य मापाचाच स्क्रूड्रायव्हर वापरा, डोके घासले की ते डोंगरावर निघत नाही. सकाळी एकदा आणि सराव संपल्यावर एकदा हाताने बाइंडिंग हलवून पाहा. खिशात दोन जास्तीचे स्क्रू आणि एक पट्टा असू द्या.

प्रश्न : माझी ११ वर्षांची मुलगी यंदा पहिल्यांदा उतरते आहे. हेल्मेट सोडून आणखी काय हवे? सरावात डोके आपटले तर त्याच दिवशी खेळू द्यावे का?

उत्तर : नाही. डोके आपटल्यावर डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळलेले बोलणे, उजेड सहन न होणे, नेहमीपेक्षा गप्प किंवा चिडचिडी होणे, यातले एकही दिसले तर त्या दिवशीचा खेळ संपला. बेशुद्ध पडली नाही म्हणजे काही झाले नाही, असे नसते. शंका आली तरी थांबवा. डॉक्टरांना दाखवा, आणि परत खेळणे टप्प्याटप्प्याने, लक्षणे पूर्ण गेल्यावर. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा दिसला तर ताबडतोब रुग्णालयात न्या. मूल ‘मी ठीक आहे’ म्हणेल, कारण त्याला खेळायचे असते. निर्णय तुमचा असायला हवा.

हेल्मेट ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० या मानकाचे घ्या. पट्टा बांधून डोके हलवले तर ते वेगळे सरकता कामा नये. मोठा आघात झाला की हेल्मेट बदला, वरून तडा दिसो न दिसो. मनगटाचे पॅड घालाच, पडताना हात मागे टेकल्याने मनगट मोडणे स्नोबोर्डवर फार होते. मूठ आवळून कोपरापुढच्या हातावर पडायला शिकवा. माकडहाडासाठी गादी असलेली आतली चड्डी रेल शिकताना उपयोगी पडते.

आणि घोटा. बाहेरच्या बाजूला दुखते, सुजते, मुरगळला असे वाटते. पण स्नोबोर्ड खेळणाऱ्यांत घोट्यातल्या टॅलस हाडाचा बाहेरचा कोपरा मोडण्याचे प्रमाण इतके आहे की डॉक्टर त्याला स्नोबोर्डरचा घोटा म्हणतात. साध्या क्ष-किरण चित्रात तो कधी कधी दिसत नाही. आखूड किंवा लांब उतरल्यानंतर घोटा दुखत असेल तर डॉक्टरांना ती स्नोबोर्ड खेळते हे आवर्जून सांगा.

प्रश्न : फाटकाशी उभा राहिलो की पाय थरथरतात. स्पर्धेच्या दिवशीचा क्रम कसा ठेवावा?

उत्तर : पाय थरथरण्याचे अर्धे कारण थंडी असते. सराव संपतो आणि तुमचा क्रमांक येतो यात तासभर जाऊ शकतो. त्या वेळात बर्फात बसून राहू नका. बोर्ड काढा, जागच्या जागी उड्या, बैठका, खांदे आणि कंबर फिरवणे चालू ठेवा. तुमच्या आधी तीन-चार जण उरले की बोर्ड बांधा. त्याआधी बुटांच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडा, नाहीतर पट्टे आवळले तरी पाय ढिले राहतात. बोर्ड उबदार खोलीतून आणून थेट थंड बर्फावर ठेवला की तळाला बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि पहिल्या रेललाच वेग मिळत नाही. तो आधीच बाहेर उभा करून गार होऊ द्या.

सकाळी सगळ्यात आधी बोर्ड न लावता किंवा कडेने हळू जात ओळ पाहून घ्या : लिप कुठे झिजली आहे, लँडिंगवर खड्डे कुठे पडले आहेत, रेलचे टोक जमिनीपासून किती उंच. पहिल्या सराव फेरीत सरळ उड्या, दुसरीत तुमची फेरी अर्ध्या फिरण्याने, तिसरीपासून पूर्ण. सरावाची शेवटची पाच मिनिटे नवी ट्रिक शिकण्यासाठी वापरू नका.

बिब बाहेरून स्पष्ट दिसेल असा घाला. नाव पुकारल्यावर फाटकाशी नसलात तर ती फेरी जाते. निघण्याची खूण मिळाल्यावर, खाली रस्ता मोकळा असल्याची खात्री करून, ‘ड्रॉपिंग’ असे मोठ्याने म्हणून निघा. मनात सहाही ट्रिकांची यादी घोळवू नका, फक्त पहिल्या रेलचे टोक पाहा. पुढचे सरावाने शरीराला ठाऊक झालेले असते.

फेरीच्या मध्यात पडलात आणि लागले नसेल तर उठा, पण लगेच पुढच्या जंपवर जाऊ नका. पडल्यावर वेग उरत नाही आणि मोठी दुखापत नेमकी अशाच उडीत होते. वेग पुन्हा मिळत असेल तर उरलेल्या जंपवर ठरलेल्या ट्रिका करून घ्या. त्या फेरीचे गुण कमीच राहतील, पण दुपारच्या बर्फावर किती वेग लागतो ते दुसऱ्या फेरीआधी कळेल.